पबमध्ये बिल येतच नाही: बर्मिंगहॅममधल्या एका संध्याकाळचा प्रकरण अभ्यास

बर्मिंगहॅममधल्या सहा मित्रमैत्रिणी शुक्रवारी संध्याकाळी भेटल्या. आधी मोझली भागातल्या एका पबमध्ये बसणं झालं, मग चालत लेडीपूल रोडवरच्या बाल्टी हाउसमध्ये, म्हणजे कढईतली करी देणाऱ्या हॉटेलात, जेवण. जेवणाचं बिल आलं तेव्हा टोळीतला सगळ्यात नवा मेंबर, एमएस्सीसाठी नुकताच आलेला नाशिकचा मुलगा, म्हणाला, "मी व्हेज खाल्लंय, तर माझं मी वेगळं देतो." टेबल गप्प झालं. टोळीतल्या बस ड्रायव्हरने हसत हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं की पोराने संध्याकाळभर खिशात हात घातलेला नाही. मुलगा लाल झाला, त्याला इथे घेऊन आलेली त्याची मावसबहीण त्याहून लाल झाली, आणि शेवटी प्रत्येकाने २० पाउंड ठेवून सगळे उठले.

एवढंच प्रकरण. मारामारी नाही, मैत्री तुटली नाही. पण परदेशात नव्याने गेलेल्या मराठी मुलामुलींच्या बाबतीत असा घोळ वेगवेगळ्या रूपांत होत असतो, आणि त्याचं निदान बहुतेक वेळा चुकीचं केलं जातं. म्हणून एक नमुना नीट उलगडून बघू. यातली माणसं आणि बिलाचे आकडे मी गणितासाठी रचलेत. जागा, रीत आणि कायदे खरे आहेत.

माणसं आधी

इलेक्ट्रिशियन, बस ड्रायव्हर आणि शाळेतली शिक्षिका हे तिघं बर्मिंगहॅमचेच, लहानपणापासूनचे दोस्त. चौथा अकाउंटंट, ब्रॅडफर्डमधल्या पाकिस्तानी घरातला. दारू पीत नाही, पण पबला न चुकता येतो. पाचवी कोल्हापूरची नर्स, इथे बरीच वर्षं काढलेली, शिक्षिकेची शेजारीण. आणि सहावा तिचा मावसभाऊ. पुण्यात इंजिनिअरिंग केलेला, शाकाहारी, बिअरला ना नाही.

मुलगा चिंगूस होता का? अजिबात नाही. खिशात ६० पाउंड रोख घेऊन आला होता आणि ते सगळे जातील अशी मनाची तयारीही होती. या प्रकरणातला खरा पेच इथेच आहे: पैसे द्यायला तयार असलेला माणूस सगळ्यांदेखत फुकट्या ठरला.

पबमध्ये काय झालं

पुण्यातल्या परमिट रूममध्ये बसणं कसं होतं ते आठवा. टेबल धरायचं, वेटर येतो, ऑर्डर घेतो. शेंगदाणे, मसाला पापड, काकडी येते. ग्लास रिकामा झाला की "रिपीट" एवढाच शब्द. हिशेब टेबलाच्या नावावर चढत राहतो आणि उठताना बडीशेपेसोबत बिल येतं. मग कॉन्ट्री निघते: कुणी कमी प्यायलं, कुणी नुसता कोल्ड्रिंकवर होता, कुणाकडे आज पैसे नाहीत, सगळं त्या एका कागदाभोवती बसून मिटतं. ज्याला पटत नाही तो टीटीएमएम म्हणतो. तू तुझं, मी माझं. कॉलेजच्या वयात त्यात अपमान नसतो.

इंग्लंडच्या पबमध्ये सहसा टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचे. रांग दिसत नाही, पण कुणाचा नंबर आधी हे बारमागच्या माणसाला आणि काउंटरला टेकलेल्या गिऱ्हाइकांना बरोब्बर ठाऊक असतं. सहा जणांनी सहा वेळा तिथे जाणं हा सगळ्यांना ताप, म्हणून एक जण उठतो, सगळ्यांना विचारतो आणि सगळ्यांचं मिळून आणतो. हा राउंड. पुढच्या वेळी दुसरा उठतो. कुणी कुणाला पैसे परत करत नाही. परतफेड असते ती पाळीची. आणि शेवटी बिल येत नाही, कारण प्रत्येक ग्लासाचे पैसे तो भरायच्या वेळीच चुकते झालेले असतात.

मुलगा या न येणाऱ्या बिलाची वाट बघत बसला होता.

पहिला राउंड इलेक्ट्रिशियनने आणला, दुसरा शिक्षिकेने, तिसरा ड्रायव्हरने. दर वेळी चार पाइंट (मोठे ग्लास) बिअर, नर्ससाठी अर्धा पाइंट आणि अकाउंटंटसाठी लाइम सोडा. मधे कुणीतरी वेफर्सचं पाकीट आणलं आणि चारी बाजूंनी फाडून टेबलावर सपाट पसरलं, म्हणजे सगळ्यांचा हात पोचेल. मुलाच्या डोळ्यांसमोर परमिट रूमचा चकणाच आला असणार, आणि त्यामुळे हिशेबही तिथलाच चालू आहे असं त्याने धरलं असावं. दिसायला सारख्या गोष्टी फसवतात त्या अशा.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग, जो टेबलावरच्या सहापैकी फक्त दोघांना कळला. दुसऱ्या राउंडच्या वेळी शिक्षिका काउंटरकडे निघाल्यावर मुलगा अर्धवट उठला होता. नर्स त्याला मराठीत म्हणाली, "बस रे, तू शिकतोयस अजून. मी बघते." तो म्हणाला, "अगं ताई, पण..." आणि बसला. बाकी चौघांना दिसलं ते एवढंच: पोरगा उठला, बहिणीशी काहीतरी बोलला आणि पुन्हा बसला.

ताईचं चुकलं असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. धाकटा भाऊ पहिल्यांदा आलाय, विद्यार्थी आहे, तर त्याचं मोठ्या बहिणीने करायचं हा साधा घरचा रिवाज. पण "मी बघते" हे तिने प्रत्यक्षात आणायच्या आत मंडळी उठली. चौथा राउंड तिचा होता. पावणेनऊला कुणीतरी भूक लागली म्हणालं, लेडीपूल रोड चालत वीसेक मिनिटांवर, आणि राउंडची साखळी तिथेच तुटली.

राउंडचं गणित

राउंडमध्ये एक गोम आहे, आणि ती ब्रिटिश सरकारला शंभर वर्षांपूर्वीच कळली होती. टोळीत माणसं जितकी, तितके पेले प्रत्येकाच्या वाट्याला येतात. सहा जण बसले तर सगळ्यांची पाळी फिरेपर्यंत सहा. ४ टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्यात तिथल्या मोजणीने साधारण २.३ युनिट अल्कोहोल. सहा पाइंट म्हणजे जवळजवळ १४ युनिट, आणि ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा २०१६ पासूनचा सल्ला आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिटचा आहे. म्हणजे सहा जणांच्या टोळीचा एक पूर्ण फेरा हा अख्ख्या आठवड्याचा कोटा. त्यामुळे मोठ्या टोळीचा फेरा सहसा पुरा होत नाही, आणि दर वेळी कुणीतरी "देणं बाकी" राहतो. ते पुढच्या खेपेला फिटतं. ज्यांची पुढची खेप नक्की आहे अशा जुन्या दोस्तांना याचं काहीच वाटत नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला मात्र पुढची खेप मिळणार की नाही, हेच त्या संध्याकाळवर ठरत असतं.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार जास्त पिऊ नयेत म्हणून सरकारने पबच्या वेळा कमी केल्या आणि दुसऱ्यासाठी दारू विकत घ्यायलाच बंदी घातली. लंडनमध्ये हा आदेश ऑक्टोबर १९१५ मध्ये लागू झाला. राउंड आणणं हा चक्क गुन्हा झाला. एक सूट होती: जेवणासोबत, जेवण देणाऱ्यानेच मागवलेली दारू चालत असे. मला ही सूट फार बोलकी वाटते. पबमधलं पाजणं आणि जेवणाच्या टेबलावरचं पाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आदेशाने मान्य केलं होतं. आपल्या सहा जणांनी त्या संध्याकाळी नेमकी हीच सीमा ओलांडली, आणि सगळे तीच बैठक पुढे चालू आहे असं समजून वागले.

लेडीपूल रोड

पबमधून उठून करी खायला जाणं ही इंग्लंडची रीत तिथल्या कायद्यातूनही घडली. युद्धात आलेली वेळेची बंधनं पुढेही टिकली. इंग्लंड-वेल्समध्ये पबला दुपारी सक्तीने कुलूप लागायचं ते १९८८ पर्यंत, आणि रात्री अकराच्या सुमारास शेवटच्या ऑर्डरची घंटा वाजायची. नोव्हेंबर २००५ मध्ये नवा परवाना कायदा लागू झाल्यावर हे सैल झालं. त्याआधीच्या दशकांत अकरानंतर भुकेल्या, थोड्या झिंगलेल्या माणसांना गरम जेवण कोण देणार? सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी माणसांची आणि इतर दक्षिण आशियाई मंडळींची हॉटेलं रात्री उशिरापर्यंत उघडी असत. त्या गिऱ्हाइकाचा तुसडेपणा आणि कधीकधी शिवीगाळही त्यांनी सोसली. वेळेचं बंधन गेलं तरी सवय राहिली.

बर्मिंगहॅमचं यात स्वतःचं एक दालन आहे. स्पार्कब्रुक, स्पार्कहिल, बॉलसल हीथ या भागांना मिळून बाल्टी ट्रँगल म्हणतात. १९७० च्या दशकात इथल्या पाकिस्तानी, त्यातही काश्मिरी, स्वयंपाक्यांनी हा प्रकार रुजवला. पातळ पत्र्याच्या, दोन कानांच्या कढईत, मोठ्या आचेवर, तुपाऐवजी तेलात भराभर परतलेलं मांस किंवा भाजी, आणि त्याच कढईतून थेट टेबलावर. चमचा-भात बाजूला ठेवून नानने खायचं. नानही असा की एक मागवला तर चौघांना पुरतो. त्याला टेबल नान म्हणतात आणि तो खरंच टेबल व्यापतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी दारूचा परवाना नसतो. काही ठिकाणी आपली बाटली आपण न्यायची मुभा असते, काही ठिकाणी तीही नाही. आपली मंडळी गेली तिथे नव्हती. त्यामुळे बिलात दारूचा एक पेनीही नाही, हे लक्षात ठेवा.

कोल्हापूरकरणीने मटण बाल्टी मागवली आणि रश्शाला झणका नाही म्हणून नाक मुरडलं, पण कढई पुसून खाल्ली. ड्रायव्हरने सवयीने विंदालू आहे का विचारलं. इंग्लंडमधल्या करी हाउसात विंदालू म्हणजे तिखटाच्या शिडीवरची एक पायरी: कोर्मा खाली, मग मद्रास, मग विंदालू, आणि त्याच्याही वर फाल. बटाटाही घालतात. गोव्यात व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचं विंदालू ज्यांनी खाल्लंय त्यांनी हे मनावर घेऊ नये.

बिल असं: पाच मांसाहारी बाल्ट्या, १२ पाउंडांच्या, म्हणजे ६०. मुलाची चणा-पालक ९. दोन टेबल नान १०. पापड आणि चटण्या ६. सीख कबाब आणि चॉप्सची थाळी २०. आंबा लस्सीचे दोन जग १५. एकूण १२०. टिप यात धरलेली नाही.

कुणाचं किती

चार पाइंट प्रत्येकी ५ पाउंड, अर्धा पाइंट अडीच, लाइम सोडा २. एक राउंड साडेचोवीस पाउंडांचा. तीन राउंड, साडेत्र्याहत्तर.

मुलाने जेवणाचं वेगळं द्यायचं म्हटलं ते का? कबाब त्याने खाल्ले नाहीत, त्याची बाल्टी स्वस्त. नान, पापड, लस्सीचा वाटा धरून त्याचं जेवण चौदा पाउंडांच्या थोडं वर जातं. समान वाटणीत वीस. म्हणजे सहा पाउंडांचा फरक, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो रास्त. पुण्यात असता तर मित्रांनीच म्हटलं असतं, अरे याने कबाब नाही खाल्ले, याचं कमी धरा.

पण त्याच्या पोटात १५ पाउंडांची बिअर होती जिचे पैसे दुसऱ्यांनी दिले होते. संपूर्ण संध्याकाळ धरली तर त्याने २९ पाउंडांचं खाल्लं-प्यायलं. समान वाटणीने वीस दिले तरी तो नऊ पाउंडांनी फायद्यातच होता, आणि त्यातून आणखी सहा वाचवू बघत होता. ड्रायव्हरला दिसलं ते हे. त्याने आकडे मांडले नसतील, पण राउंड आणणाऱ्याला कोण उठलं आणि कोण नाही हे पक्कं आठवतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग ड्रायव्हरचं बरोबर. थांबा. नर्सने अर्ध्या पाइंटांचे मिळून साडेसात आणि जेवणाचे एकवीस असं जवळजवळ २९ पाउंडांचं घेतलं आणि वीस दिले. अकाउंटंटने सोड्याचे सहा आणि जेवणाचे एकवीस, म्हणजे २७ चं घेतलं आणि वीस दिले. तिघांची बाकी नऊ, नऊ आणि सात. फरक किरकोळ. राउंड आणणाऱ्या तिघांनी मात्र प्रत्येकी ३६ चं घेऊन साडेचव्वेचाळीस मोजले. तरी बोलणी एकट्या नाशिककराला बसली.

अकाउंटंटचं कारण सोपं आहे. गाडी तो चालवतो. इंग्लंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडच्या ३० च्या मानाने सैल, पण तीन पाइंटनंतर कुणी शहाणा चाकाला हात लावत नाही. तो दर वेळी तिघांना घरी सोडतो. पेट्रोल आणि पार्किंग कुणी मोजलेलं नाही, आणि त्याचा राउंडही कुणी मोजत नाही. नर्सचं कारण वेगळं: मागच्या अनेक शुक्रवारी तिने राउंड आणलेत. तिची पत आहे. मुलाकडे गाडीही नव्हती आणि मागचे शुक्रवारही नव्हते.

आणि तो बोलला. बाकी दोघं गप्प राहून वीस ठेवून मोकळे झाले. पबमध्ये गप्प बसून आणि हॉटेलात तोंड उघडून त्याने दोन्हीकडे उलटं केलं. पबमध्ये त्याने "माझा राउंड" म्हणायला हवं होतं आणि हॉटेलात गप्प राहायला हवं होतं. हे त्याला कुणी सांगितलं होतं का? नव्हतं. माझ्या मते दोष वाटायचाच झाला तर निम्म्याहून जास्त ताईकडे जातो. तिने त्याला बसवलं हे ठीक, पण तेच वाक्य टेबलाला ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हटलं असतं, की पुढचा राउंड माझा आणि याचा मिळून, तर पुढचं काही घडलंच नसतं. परक्या टेबलावर आपल्या भाषेत केलेला जिव्हाळा इतरांना कारस्थान वाटू शकतो. थोडा दोष इलेक्ट्रिशियनचाही. टोळी त्याची, बोलावणं त्याचं. नव्या माणसाला पहिला ग्लास हातात देताना इथे कसं चालतं ते एका ओळीत सांगणं यजमानाचं काम.

नंतर

गाडीत अकाउंटंटने विषय काढला. स्वतः न पिता वर्षानुवर्षं पबमध्ये बसल्यामुळे राउंडचे नियम त्याला पिणाऱ्यांपेक्षा चांगले पाठ आहेत. मुलाने विचारलं की आत्ता तिघांना पाच-पाच पाउंड बँकेतून पाठवू का. अकाउंटंट म्हणाला, ते मात्र करू नकोस. मला हे पटतं. पैसे पाठवले की खातं बंद होतं, आणि राउंडमध्ये खातं उघडं ठेवण्यातच मैत्री असते. पाच पाउंड परत करणं म्हणजे तुमच्याशी पुढचा व्यवहार नको असं सांगणं. ड्रायव्हरला तर ते आपल्या बोलण्याला दिलेलं उत्तर वाटलं असतं.

घरी पोचल्यावर ताईची वेगळीच शाळा भरली. "अरे, मला आधी विचारायचंस ना!" "ताई, तूच बस म्हणालीस." यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या भेटीला मुलगा लवकर पोचला आणि पहिला आलेला ड्रायव्हर कोट काढतोय तोवर काउंटरकडे जाता जाता त्याला काय घेणार विचारलं. पहिला राउंड आणणं हा या पद्धतीतला सगळ्यात स्वस्त सौदा आहे. सगळे आलेले नसतात, आणि नाव मात्र दिवसभर राहतं. नव्याने आलेल्या कुणालाही मी एवढंच सांगेन. ज्याला एकच पाइंट प्यायचा आहे त्यानेही पहिलाच राउंड आणावा आणि मग मोकळ्या मनाने पुढचे नाकारावेत.

अकाउंटंटने किटीचा प्रस्तावही मांडला. सुरुवातीलाच एका रिकाम्या ग्लासात सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि त्यातून राउंड आणायचे. आपल्या कॉन्ट्रीचंच रूप, फक्त आधी काढलेली. पाइंटवाल्यांनी १५, नर्सने ८, त्याने स्वतः ६. मागच्या वेळच्या हिशेबाने ७४ जमतात, तीन राउंड निघतात आणि पन्नास पेन्स उरतात. नर्स आणि मुलगा लगेच तयार झाले. शिक्षिकेला चाललं असतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला की किटी ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला ठीक असते, दोस्तांत नाही, आणि ड्रायव्हरने मान डोलावली. त्यामुळे पबमध्ये राउंडच चालू आहेत. जेवणाच्या बिलात मात्र एक बदल झाला: कबाबची थाळी आता खाणारे पाच जण वाटून घेतात, आणि ते ऑर्डर देतानाच ठरतं, बिल आल्यावर नाही.